पाच पत्रिकांचं लग्न

खोटं बोलायला तुम्ही शिकवलं, साहेब. नाव घेण्यात अर्थ नाही. नाव घेतलं की तुमची बदली होते, खुर्चीवर दुसरा येऊन बसतो आणि म्हणतो, मी नवीन आहे, बघावं लागेल. म्हणून हे खुर्चीलाच उद्देशून आहे. जो बसला असेल त्यानं ऐकावं. सिद्धोधन खिल्लारे नावाच्या मास्तरानं सव्वीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि तुम्ही मंजूर केलेल्या एका छापील फॉर्मानं त्याला पाऊण तासात खोटारडा करून सोडला.

शिक्षकांच्या पतसंस्थेचा तो फॉर्म. त्यात ‘कर्जाचे कारण’ असा रकाना आहे आणि त्यापुढं सहा कारणं छापलेली आहेत. शिक्षण, विवाह, घरबांधणी, वाहन, आजारपण, उत्तरकार्य. म्हणजे माणसानं शिकावं, लग्न करावं, घर बांधावं, गाडी घ्यावी, आजारी पडावं आणि मरावं, या सगळ्याला तुमची मंजुरी आहे. खेळावं, याला नाही. बऱ्याच फॉर्मांत ‘इतर’ म्हणून एक जागा असते. ती तुम्ही काढून टाकली, कारण इतर म्हटलं की लोक काहीही मागायला लागतात.

झालं ते असं.

सिद्धोधन पेडगावच्या शाळेवर मास्तर, पण घर परभणीच्या कडेला, जिंतूर रस्त्यावरच्या एका ले-आउटमध्ये. पंधरा वर्षांपूर्वी तिथं ज्वारी उभी होती तेव्हा त्यानं पाठीला पाठ लागलेले दोन प्लॉट घेतले. पुढच्यावर घर बांधलं. मागचा तसाच पडून राहिला. दोन शेवगे, एक लिंबोणी आणि काळीभोर माती. पावसाळ्यात चप्पल गिळणारी आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी उकलणारी. कॉलनीतला जो भेटेल तो सांगायचा, “सर, मागं तीन खोल्या काढा, भाड्यानं द्या. बसून खाताल.”

बसून खायची सिद्धोधनला घाई नव्हती. त्याची एकुलती एक पोरगी निकिता बारावीला होती आणि बॅडमिंटन खेळायची. सतरा पूर्ण, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला अठरा. जिल्ह्यात तिला हरवणारी पोरगी उरली नव्हती. विभागात मात्र ती हरायची, आणि दरवेळी एकाच कारणानं. हात वेळेवर जायचा, पाय जायचे नाहीत. पाय कोर्टावर तयार होतात, आणि कोर्ट तिला नव्हतं.

म्हणजे आधी होतं. शहरात एका ट्रस्टचा हॉल होता, लाकडी फरशीचा. सकाळी तिथं साहेब लोकांची बॅच, संध्याकाळी व्यापाऱ्यांची, आणि पोरींना दुपारी एक ते तीन, म्हणजे वरचा पत्रा तापून भट्टी झालेली असायची तेव्हा. तरी निकिता आठ वर्षं गेली. मग ट्रस्टच्या लक्षात आलं की शटल उडवण्यापेक्षा अक्षता उडवल्या तर जास्त मिळतं. हॉलचं मंगल कार्यालय झालं. निकिता नेहमीसारखी रॅकेट घेऊन गेली तर दारात सनईवाले बसलेले. त्यातल्या एकानं विचारलं, “मुलीकडची का गं पोरी?” ती तशीच घरी आली आणि आईला म्हणाली, “मम्मी, फरशीवर जिलेबीचा पाक सांडलाय गं.” एवढं बोलून रडली. हरल्यावर कधी रडली नव्हती.

मग मायलेकी घरासमोरच्या रस्त्यावर खेळायला लागल्या. सत्यशीला पदर खोचून उभी राहायची. तिला खेळ येत नव्हता, पण शटल परत पाठवायची जिद्द होती. वाऱ्यानं शटल शेजारच्या बायनाबाईच्या पत्र्यावर जायचं, ट्रॅक्टर आला की खेळ थांबायचा. एक दिवस निकिताच म्हणाली, “पप्पा, मागं कोर्ट करू. डिसेंबरात राज्याची निवड आहे. बारावीपर्यंतच्या गटातली माझी शेवटची संधी आहे. तीन महिने नीट पाय मिळाले तर मी जाते बघा.”

नांदेडहून नागनाथ नावाचा ठेकेदार आला. कोर्ट करणं हाच त्याचा धंदा. त्यानं पहारीनं दोन ठिकाणी उकरलं, ढेकूळ हातात चुरलं आणि मान हलवली.

“सर, ही माती फुगती अन् बसती. नुसतं वरून काँक्रीट टाकलं तर दोन उन्हाळ्यांत पापडावानी तुकडे व्हतेत. अडीच फूट काळी काढायची, मुरूम भरायचा, रोलर फिरवायचा, मग काँक्रीट, मग वर रंगाचे पाच थर. वारं अडवायला चारी अंगानं हिरवी जाळी. खांब, दिवे. तुमचा निम्मा पैसा जमिनीच्या खालीच जायचाय. कुणाला दिसनार बी न्हाई.”

“इकडं कुणी केलंय का घरी?” सिद्धोधननं विचारलं.

“वसमतला एका डॉक्टरनं केलं व्हतं.”

“कसं आहे?”

“झकास. आता हळद वाळवतेत त्यावर.”

सगळं मिळून साडेपाच लाख. सिद्धोधन बँकेत गेला. बँकेतला साहेब भला माणूस होता, चहा पाजला. म्हणाला, “सर, गाडी घ्या, तासात देतो. घरावर मजला चढवा, देतो. गोडाऊन काढा, वर सबसिडी आहे. पण कोर्ट? त्याचं उत्पन्न काय?” सिद्धोधन म्हणाला, “पोरगी खेळंल.” साहेबानं हे वाक्य कुठल्या चौकटीत बसतं का ते संगणकावर खरोखर शोधून बघितलं. बसलं नाही.

म्हणून पतसंस्था. तिथं कर्जाच्या टेबलावर मुंजाजी. चष्मा कपाळावर, पेन कानावर, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या मास्तरांच्या घरातली खडान्‌खडा माहिती डोक्यात.

“खेळ?” मुंजाजी म्हणाला. “सर, खेळ कारणात बसत न्हाई.”

“शिक्षणात बसव.”

“त्याला कॉलेजची फी पावती लागती.”

“मग घरबांधणी?”

“मंजूर नकाशा आणा. सहा महिने तिथंच जातेत. आजारपण म्हणाल तर दवाखान्याचं बिल पायजे. आता लग्नाला काय लागतं सांगा? पत्रिका. फकस्त पत्रिका.”

“कुणाचं लग्न?”

मुंजाजीनं चष्मा खाली घेतला. “पोरगी हाय न तुमाला?”

“मुंजाजी, ती खेळायलीय. तिचं लग्न कशाला लावायलास?”

“तुमी बी कमाल करायलाव सर! लग्न कोन लावायलंय? आपन पत्रिका छापायलो.”

तेव्हा सिद्धोधनला कळलं की या संस्थेत ‘पाच पत्रिकांचं लग्न’ नावाची एक सोय आहे. मुंजाजीच्या मेव्हण्याची छापायची प्रेस होती. तिथं पाचच पत्रिका निघायच्या. एक फाइलला, एक चेअरमनला, एक सचिवाला, एक ऑडिटला आणि एक सभासदाला, घरी ठेवायला. ही पाचवी सहसा कुणी घरी नेत नसे. दत्तराव सरांनी थोरल्याच्या असल्याच लग्नात ठिबक बसवलं होतं, एका मॅडमनी दिराच्या लग्नात स्कूटी घेतली होती. प्रेसमध्ये मजकूर तयारच असायचा. गणपतीचं चित्र असलेल्या पत्रिकेवर नवरदेव चि. परमेश्वर, आणि बुद्धाचं चित्र असलेल्या पत्रिकेवर चि. धम्मानंद, मुक्काम येलदरी. संस्थेच्या लोखंडी कपाटात आजवर परमेश्वरची एकतीस लग्नं लागली होती आणि धम्मानंदची नऊ. संस्थेला दरवर्षी ऑडिटचा ‘अ’ वर्ग होता.

सिद्धोधन उठला. दारापर्यंत गेला. दाराबाहेर त्याला सनईवाल्यांसमोर रॅकेट घेऊन उभी असलेली पोरगी दिसायला लागली, आणि तो परत येऊन बसला.

“तारीख मात्र दहा फेब्रुवारीच्या पुढची टाक,” तो म्हणाला. “तोवर ती अठराची नाही. मी गावच्या बालसंरक्षण समितीत आहे. दरवर्षी पोरांकडून शपथ म्हणून घेतो, बालविवाह करणार नाही, होऊ देणार नाही.”

“टाकतो की,” मुंजाजी म्हणाला.

चार दिवसांनी प्रेसमधून संस्थेत पाकीट आलं. आता बघा, हा माणूस पोरांच्या वहीतली वेलांटी सोडत नव्हता. निवडणुकीच्या ड्यूटीवर तीनशे पानांची यादी बोट ठेवून तपासायचा. पण हे पाकीट त्यानं उघडलं नाही. पोरीच्या नावाशेजारी परक्या पोराचं नाव छापलेलं बघायची त्याला लाज वाटली. डोळे बाजूला करून जिथं मुंजाजीनं बोट ठेवलं तिथं सही केली आणि पाचवी पत्रिका तिथंच सोडून आला. संस्थेचा नियम असा की कर्ज मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत लग्न लागलं पाहिजे. मुंजाजीनं आपल्या मनानं, सभासदाच्या सोयीसाठी, तारीख बदलून तेवीस नोव्हेंबर केली होती.

“कशावर दिलं कर्ज?” घरी सत्यशीलानं विचारलं.

“घरगुती कारणावर,” सिद्धोधन म्हणाला. सव्वीस वर्षांच्या संसारातलं हे पहिलं नसेल, पण सगळ्यात घट्ट खोटं होतं.

काम सुरू झालं. जेसीबीनं काळी माती उपसली, कॉलनीतल्या लोकांनी ती कुंड्यांसाठी नेली. लाल मुरूम आला, रोलर फिरला, काँक्रीट पडलं. मग नागनाथनं काँक्रीटवर मातीची आळी करून तीन आठवडे पाणी तुंबवलं. बायनाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, “मास्तर, मासे सोडायलाव का?” पाणी उतरलं तसे खांब उभे राहिले, खांबांवर दिवे लागले, चारी बाजूंनी हिरवी जाळी चढली. रंगाचे थर दिवाळीनंतर द्यायचे होते. निकिताला तेवढा दम कुठला? तिनं खडूनं रेषा मारल्या आणि पहाटे पाचला बापाला उठवलं.

सिद्धोधन कट्ट्यावर बसून बघायचा. ती एकटीच, शटल नसताना, पुढं, मागं, बाजूला अशा सहा जागांना जायची आणि मधे यायची. जायची आणि यायची. पहिल्या आठवड्यात बुटांचा आवाज फरफटत यायचा. चौथ्या आठवड्यात तो तुटक यायला लागला. टक, टक, आणि गप्प. पाय थांबायला शिकले होते. सिद्धोधनला खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण हा आवाज त्याला कळला. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं की खोटं बोललो ते बरं केलं.

डिसेंबरात पतसंस्थेची निवडणूक लागली होती. चेअरमन आबासाहेब परत उभे होते, निशाणी कपबशी. कपाटातल्या पत्रिका चाळून ते सभासदांच्या घरची कार्यं हुडकायचे आणि शुभेच्छा द्यायचे. एका सकाळी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकिताच्या पत्रिकेचा फोटो पडला. खाली, ‘आमचे मार्गदर्शक खिल्लारे सर यांची सुकन्या हिच्या विवाहास आबासाहेबांकडून लाख लाख शुभेच्छा’ आणि एक कपबशी.

सिद्धोधन तेव्हा वर्गात होता. मधल्या सुट्टीत फोन उघडला तर एकशे बारा जणांनी हात जोडले होते. फोटो मोठा करून बघायचीही हिंमत झाली नाही. काहीतरी लिहिलंच पाहिजे, नाहीतर संशय येईल, म्हणून त्यानं लिहिलं, ‘धन्यवाद. सर्वांनी यावे ही विनंती.’ सवयीनं लिहून गेला. मराठी माणसाला लग्नाच्या शुभेच्छांना दुसरं उत्तर येतच नाही.

ग्रुपवर एक बाई होत्या, निकिताला सातवीत शिकवलेल्या. त्यांनी बोटांवर हिशेब केला, पोरगी सतराची, आणि मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. त्या बाईंनी चोख केलं. असल्या बाया आणखी असत्या तर जिल्ह्याची दशा वेगळी असती.

रविवारी सकाळी गाडी आली. बालसंरक्षणाच्या शुभदा मॅडम, एक हवालदार आणि अंगणवाडीच्या एक ताई. मॅडम दारातून थेट परसात गेल्या. हिरवी जाळी, चार खांब, सहा दिवे, स्वच्छ झाडलेली ऐसपैस जागा. हवालदार म्हणाला, “मॅडम, मांडव बी पडलाय.”

बायनाबाई भिंतीवर हजर होतीच. “महिना झाला की मांडवाला. लय लाइटी लावल्यात बाई. म्या म्हनलं आमाला आवतन कसं न्हाई अजून?”

“हा मांडव नाही,” सिद्धोधन म्हणाला. “बॅडमिंटनचं कोर्ट आहे.”

हवालदारानं त्याच्याकडं असं बघितलं की जणू तो विमानतळ आहे म्हणाला होता. “घरामागं?”

“नवरदेव कुठला?” मॅडमनी विचारलं आणि पत्रिकेची छापील प्रत पुढं केली. सिद्धोधननं ती पत्रिका पहिल्यांदा तिथं वाचली. तेवीस नोव्हेंबर. रविवार. दुपारी साडेबारा. आत चहा ठेवून आलेली सत्यशीला दारातच थांबली, तिनं मॅडमच्या हातातून पत्रिका घेतली, वाचली, आणि नवऱ्याकडं बघितलं. गॅस बंद करून आली.

मॅडमनी निकिताला बाजूला घेतलं. “घाबरू नकोस बाळा. तुझ्यावर कसली जबरदस्ती होते का?”

“होते की,” निकिता हातातली दोरी गुंडाळत म्हणाली. “दूध प्यायची.”

“लग्नाची?”

“कुणाच्या?”

तिला पत्रिका दाखवली. ती हसली. मग वडिलांचं तोंड बघून हसायची थांबली.

मॅडमनी जबाब लिहून घेतला, उद्या दुपारी पतसंस्थेत या म्हणाल्या, आणि गेल्या. हवालदार जाता जाता जाळी बोटानं ओढून बघत म्हणाला, “मजबूत हाय.”

घरात कुणी जेवलं नाही. सिद्धोधननं मायलेकींना सगळं सांगितलं. निकिता ऐकून घेत होती.

“म्हणजे पप्पा, तुम्ही माझं लग्न लावलं आणि मलाच माहीत नाही.”

“कागदावर गं. नुसतं कागदावर.”

“कागदावरच लागतं पप्पा आधी. आमच्या वर्गातली वैष्णवी दिवाळीनंतर आलीच नाही. तिचं बी घरचे असंच बोलायचे, नुसतं बघायला आलेत. तिच्याकडं नाही गाडी आली.” ती उठली. “मी रागावलेय. पण मी उद्या पाचला उठणार आहे. तुम्ही पण उठा.”

सोमवारी पतसंस्थेत शुभदा मॅडम, आबासाहेब, मुंजाजी आणि सिद्धोधन असे चौघं बसले. सिद्धोधननं मागेपुढे न बघता सांगून टाकलं. लग्न नाही, नव्हतं, पत्रिका खोटी, पैसे कोर्टाला लावले.

“मग माझा प्रश्न मिटला,” मॅडम म्हणाल्या.

“तुमचा मिटला मॅडम, आमचा निघाला,” आबासाहेब म्हणाले. “एक पत्रिका खोटी निघाली की लोक कपाट उघडा म्हनतेत. निवडणूक तोंडावर हाय.” त्यांनी टेबलावर बोटं वाजवली आणि मग त्यांचा चेहरा उजळला. “सर, पोरगी फेब्रुवारीत अठराची व्हायलीय न? मॅडम, अठराच्या पुढं तुमची काय हरकत?”

“कायद्यानं नाही. तिची इच्छा विचारावी लागेल.”

“विचारू की. फेब्रुवारीत विचारू. मुंजाजी, टाइप कर. ‘काही अपरिहार्य कारणाने विवाह पुढे ढकलण्यात आला असून आता दिनांक पंधरा फेब्रुवारी रोजी होईल.’ झालं. मॅडमचा कागद खरा, संस्थेचा कागद खरा, सरांची नोकरी शाबूत.”

“आणि पंधरा फेब्रुवारीला?” सिद्धोधननं विचारलं.

“करून टाका,” आबासाहेब म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले. “आज न उद्या करायचंच हाय. खर्चाला पैसे उचललेलेच हायेत. स्थळ म्हणाल तर तुमच्यातलाच एक पोरगा हाय आपल्या बघण्यात. लाइनमन हाय, व्यसन न्हाई.”

‘तुमच्यातलाच’ हा शब्द सिद्धोधनच्या कानात अडकला, पण तो त्यावर थांबला नाही. खोलीत सगळ्यांनाच हलकं वाटायला लागलं होतं, ते त्याला जास्त भयंकर वाटलं. मुंजाजी आनंदानं टाइप करत होता. मॅडमही खुर्चीत मागे टेकल्या होत्या. फाइल खरी करायला एका पोरीचं लग्न लावायचं, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

कागद समोर आला. सिद्धोधननं पेन हातात घेतलं. अर्धा मिनिट त्यानं विचार केला, हे लपवायचं कारण नाही. नोकरीची सात वर्षं उरली होती. सही केली तर डिसेंबरची निवड निर्वेध पार पडेल, फेब्रुवारीचं फेब्रुवारीत बघू. कागद तर आहे. पण मागचाही कागदच होता, आणि त्या कागदापायी हवालदार परसात उभा राहिला होता. पंधरा फेब्रुवारीला हेच लोक लग्नाचा फोटो मागतील. तेव्हा तो काय देणार? आणखी एक कागद? या वेळी त्यानं समोरचं अक्षर न् अक्षर वाचलं. वाचून झाल्यावर आडवी रेघ मारली, कागद उलटा केला आणि पाठीमागं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘मी विवाहासाठी कर्ज घेतले नाही. मुलीला खेळण्यास जागा नव्हती म्हणून घेतले. पत्रिका खोटी असल्याचे मला माहीत होते. मुलीचा विवाह ठरलेला नाही. ठरेल तेव्हा ती ठरवेल.’ खाली सही.

“पोच दे,” तो मुंजाजीला म्हणाला.

“सर, कामून पोच मागायलाव? आपल्याच हातानं...”

“शिक्का मार आणि पोच दे.”

“तुमी एकटे न्हाई बुडायले, सर,” आबासाहेब थंडपणे म्हणाले.

“एकतीस आणि नऊ,” सिद्धोधन म्हणाला. “मोजून घ्या. माझं दहावं.”

आबासाहेब निवडून येतील, याबद्दल कुणाला शंका नको. कपाटाची किल्ली हरवली असल्याचं संस्थेनं लेखी कळवलं. खोटी निघाली ती एकच पत्रिका, खिल्लारे सरांची. नागनाथनं रंगाचे डबे न उतरवता परत नेले, म्हणाला, “सर, पैशाचं न्हाई हो, पण जप्तीत माझे डबे नगो जायला.” निकिता उघड्या काँक्रीटवर खेळते. गुडघे सुजतात, सत्यशीला रात्री मीठ-पाण्यानं शेकते. नवऱ्याशी ती आठ दिवस बोलली नव्हती. आठव्या दिवशी पहाटे आपणच पदर खोचून जाळीच्या पलीकडं उभी राहिली आणि म्हणाली, “निकिताचे पप्पा, शटल वेचा.”

काल टपालानं दोन लखोटे आले, एकाच दिवशी. पहिला बालसंरक्षणाचा, त्यात लिहिलंय, दिनांक तेवीस नोव्हेंबर रोजी आपण मुलीचा विवाह केल्यास आपणावर गुन्हा दाखल करण्यात येईल. दुसरा पतसंस्थेचा, त्यात लिहिलंय, वरिष्ठ कार्यालयाच्या आदेशान्वये, विवाहकर्ज उचलून दिनांक तेवीस नोव्हेंबर रोजी आपण मुलीचा विवाह न केल्यास कर्जातून उभारलेले खांब, जाळी व दिवे जप्त करण्यात येतील. दोन्हींच्या खाली प्रत माहितीसाठी म्हणून एकच पत्ता आहे, साहेब. तुमचा.

सिद्धोधननं दोन्ही कागद एका टाचणीत लावलेत. वर एक अर्ज जोडलाय. त्यानं माफी मागितलेली नाही. कर्ज पगारातून फेडतोय आणि फेडणार आहे, हे एका ओळीत लिहिलंय. चौकशीला कधीही बोलवा, हे दुसऱ्या ओळीत. तिसरी ओळ अशी आहे: ‘राज्य निवड सहा डिसेंबरला आहे. पोरगी सकाळी पाच ते आठ सराव करते. तुमची माणसं खांब उपसायला तेवीसला येणार की सहा तारखेनंतर येणार? लेखी कळवा.’